झाडाची काकवी : व्हरमाँटच्या मेपल-गुऱ्हाळात

डोंगरउतार · 9 मार्च

गेल्या मंगळवारी आमच्या गावची वार्षिक सभा झाली. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावोगावी अशी सभा भरते. आमच्यासारख्या लहान गावांत अजूनही लोक समोरासमोर बसून रस्त्यावरची खडी, अग्निशमन दलाचा पंप आणि वाचनालयाचे अनुदान यांवर वाद घालतात, हात वर करून मत देतात आणि दुपारी घरोघरून आलेल्या पदार्थांवर एकत्र जेवतात. जुन्या लोकांच्या हिशेबात मेपलच्या झाडांना रसासाठी तोट्या ठोकण्याचा मुहूर्तही हाच असे. यंदा मात्र निम्म्याहून अधिक शेतकऱ्यांच्या तोट्या फेब्रुवारीतच बसल्या होत्या, आणि सभेत अंदाजपत्रकापेक्षा जास्त चर्चा रात्री पारा कुठवर उतरणार याचीच होती.

मी या राज्यात अकरा वर्षे राहते आहे. त्यांतली गेली चार वर्षे वसंताच्या सुरुवातीचे पाच-सहा आठवडे मी शेजारच्या आजोबांच्या 'शुगरहाउस'मध्ये मदतीला जाते. हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला साखर कारखाना आठवला होता. प्रत्यक्षात ती जंगलाच्या कडेला असलेली फळ्यांची एक खोपी आहे. तिच्या छपराच्या माथ्यावर वाफ बाहेर पडण्यासाठी उघडझाप करणारी झडप आहे, आत लांबलचक चूल आहे आणि चुलीवर स्टेनलेस स्टीलची कप्पे पाडलेली काहील आहे. पहिल्या दिवशी दार उघडून आत पाऊल टाकले, वाफेचा गोड लोट अंगावर आला आणि माझ्या तोंडून आपोआप 'अरे, हे तर गुऱ्हाळ!' असे निघून गेले. आजोबांनी अर्थ विचारला. तो समजावून सांगण्यात माझा अर्धा तास गेला आणि त्या अर्ध्या तासात काहिलीतला रस उतू गेला.

साखरमेपल या झाडाच्या रसात जेमतेम दोन टक्के साखर असते. तोंडात घेतला तर तो पाण्यासारखाच लागतो, गोडीचा भास नंतर होतो. त्याचे सिरप करायचे म्हणजे साधारण चाळीस गॅलन रस आटवून एक गॅलन उरवायचा, आपल्या मापात दीडशे लिटरचे पावणेचार लिटर. येथे यासाठी एक सोपा ठोकताळा वापरतात: 86 या आकड्याला रसातील साखरेच्या टक्केवारीने भागले की किती गॅलन रस लागेल ते कळते. दोन टक्क्यांना त्रेचाळीस गॅलन. झाड पावणेदोन टक्क्यांवर आले की तोच आकडा एकोणपन्नासवर जातो, आणि आजोबांच्या भाषेत 'वरचे सहा गॅलन मी फक्त आकाशासाठी उकळतो'.

रस रोज मिळत नाही. रात्री गोठणबिंदूच्या खाली थंडी आणि दिवसा त्याच्या वर ऊब अशी आलटापालट झाली तरच तो वाहतो. मेपलच्या लाकडातील तंतूंमध्ये पाण्याऐवजी वायू भरलेला असतो. रात्री गारठ्यात तो आक्रसतो, तंतूंच्या आत बर्फ जमते आणि झाड मुळांकडून पाणी वर ओढून घेते. सकाळी बर्फ वितळला की आत दाब तयार होतो आणि भोक दिसेल तिथून रस बाहेर पडतो. त्यामुळे सलग थंडी पडली तरी काम बंद आणि सलग ऊब राहिली तरी काम बंद. ज्या दिवशी रस येतो त्या दिवशी मात्र दुसरे काहीही करता येत नाही. रस उन्हात राहिला तर दुधासारखा नासतो, म्हणून तो शक्यतो त्याच दिवशी चुलीवर चढवावा लागतो, मग त्याला रात्रीचे दोन का वाजेनात.

आजोबांकडे सहाशे तोट्या आहेत. त्यांपैकी शंभर झाडांना अजून झाकणाच्या पत्र्याच्या बादल्या टांगतात आणि उरलेल्या झाडांना निळ्या प्लास्टिकच्या नळ्या जोडलेल्या आहेत. त्या उतारावरून सगळा रस खालच्या टाकीत आणतात. दहा-बारा इंचांपेक्षा कमी व्यासाच्या झाडाला हात लावायचा नाही आणि भोक दरवर्षी जुन्या व्रणापासून दूर पाडायचे, हे दोन नियम ते कधीही मोडत नाहीत. तोटी बसण्याइतके जाड व्हायला झाडाला साधारण चाळीस वर्षे लागतात. आज ते ज्या झाडांचा रस घेतात त्यांतली बरीच त्यांच्या आजोबांनी गाईंसाठी रान साफ करताना मुद्दाम राखलेली आहेत.

आपल्यापैकी कोणी गुऱ्हाळ जवळून पाहिले असेल, तर दोन्हींतील साम्य-फरक समजून घ्यायला आवडेल.

---

पंचगंगाकाठ · 9 मार्च

धागा वाचून बसल्या जागी उठून उभा राहिलो. माझे घर कागल तालुक्यात असून आमचे गुऱ्हाळ 2009 पर्यंत चालू होते. वडील स्वतः गुळव्या होते, म्हणजे काहिलीतला रस नेमक्या कोणत्या क्षणी उतरवायचा हे ठरवणारा माणूस. आता गुऱ्हाळाच्या जागी ट्रॅक्टरची शेड आहे.

आपल्या आकड्यांत मला सर्वांत मोठा फरक सरपणाचा दिसतो. उसाच्या रसात अठरा-वीस टक्के घन पदार्थ असतात, त्यामुळे टनभर उसातून शंभर ते सव्वाशे किलो गूळ पडतो. शिवाय रस काढून उरलेले चिपाड वाळवले की तेच चुलवणात जाते. ऊस आपले सरपण स्वतःच घेऊन येतो. मेपलमध्ये पाणी इतके जास्त आणि जाळायला चिपाड नाही, तर मग इतके लाकूड येते कोठून? एका गॅलनमागे किती लाकूड लागते?

दुसरा प्रश्न मळीचा. आमच्याकडे रस तापू लागला की रानभेंडीच्या खोडाचा चिकट रस घालतात, त्याला धरून सगळी घाण फेसाबरोबर वर येते आणि ती झाऱ्याने काढतात. तुमच्याकडे काय घालतात?

---

डोंगरउतार · 10 मार्च

पंचगंगाकाठ, आपण नेमके वर्मावर बोट ठेवले. येथे लाकूड 'कॉर्ड'मध्ये मोजतात. चार फूट रुंद, चार फूट उंच आणि आठ फूट लांब अशी रास म्हणजे एक कॉर्ड. नुसत्या चुलीवर पंचवीस गॅलन सिरपमागे साधारण एक कॉर्ड लाकूड जळते. हे लाकूड मागच्या वर्षी त्याच रानातून काढलेले असते. मेपलच्या झाडांना ऊन मिळावे म्हणून जी वेडीवाकडी, रोगट किंवा दाटीतली झाडे काढावी लागतात तीच फोडून, रचून वर्षभर वाळवतात. ऑगस्टच्या उकाड्यात कोणी लाकडे फोडताना दिसले तर तो मार्चचे काम करत आहे असे समजावे.

आजोबांनी सात वर्षांपूर्वी 'रिव्हर्स ऑस्मोसिस'चे जुने यंत्र घेतले. आपल्या घरी पाणी शुद्ध करायला जे असते त्याचाच हा थोरला भाऊ, पण उलट कामाला लावलेला: येथे शुद्ध पाणी फेकून देतात आणि मागे उरलेला दाट रस ठेवतात. चुलीवर चढण्याआधीच तीन चतुर्थांश पाणी निघून जाते, त्यामुळे लाकूडही तितकेच कमी लागते आणि आजोबा आता बहुतेक रात्री अकराला झोपू शकतात. टाकून दिलेल्या त्या पाण्याने आम्ही शेवटी काहिली धुतो.

येथे मळीसाठी भेंडी नाही. फेस उतू जाऊ लागला की लोण्याचा एक थेंब टाकायचा, तो क्षणात खाली बसतो. पूर्वी काहिलीच्या वर दोरीला खारवलेल्या डुकराच्या चरबीचा तुकडा टांगत. फेस वर चढून त्याला लागला की आपोआप खाली उतरायचा. खनिजांचा बारीक गाळ मात्र तळाशी धरतोच. त्याला येथे 'साखरेची वाळू' म्हणतात, आणि ती काढण्यासाठी सिरप गरम असतानाच जाड लोकरी कापडातून गाळावे लागते.

उतरवण्याच्या क्षणाबद्दल तर आपल्या वडिलांशी प्रत्यक्ष बोलायला हवे. पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा 7.1 अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे चार अंश सेल्सिअस, वर गेले की सिरप झाले, असा नियम आहे. पण हवेच्या दाबाप्रमाणे पाणीच रोज वेगळ्या अंशाला उकळते, म्हणून सकाळी आधी नुसते पाणी उकळून त्या दिवसाची खूण ठरवतात. आजोबा तापमापक पाहतात, पण विश्वास ठेवतात तो पत्र्याच्या रुंद उलथन्यावर. ते काहिलीत बुडवून आडवे धरायचे. रस कच्चा असेल तर कडेवरून थेंब थेंब गळतो. तयार झाला असेल तर दोन-तीन थेंब एकमेकांना धरतात, कडेला पातळ पडदा लोंबतो आणि मग तो एकदम तुटून पडतो. तो पडदा दिसताच 'नळ सोड!' अशी हाक येते.

दुसऱ्या वर्षी ती हाक मला ऐकू आली नाही. मी दारात उभी राहून कोणाशी तरी फोनवर बोलत होते. आजोबा लाकडे आणायला मागे गेले होते आणि रसाची पातळी पाहण्याचे काम माझ्याकडे होते. उथळ काहिलीत रस जेमतेम दीड इंच असतो, तो पाहता पाहता संपतो. करपल्याचा वास आला तेव्हा एका कप्प्याचा तळ काळा झाला होता आणि चुलीत जाळ तसाच धडधडत होता. आजोबांनी काहीही न बोलता बाहेरचे बर्फ फावड्याने आणून काहिलीत ओतले. तो कप्पा घासायला मला दोन दिवस लागले. तेव्हापासून माझा फोन दाराबाहेरच्या खिळ्याला टांगलेल्या पिशवीत राहतो.

---

तिरकस · 10 मार्च

वर्णन सुंदर आहे, पण थोडे थंड पाणी ओतण्याची परवानगी असावी. परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांना तिथले खेडे फार लवकर आवडू लागते, कारण त्या खेड्याच्या उत्पन्नावर त्यांचे पोट अवलंबून नसते. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या व्याख्येनुसार वर्षाला हजार डॉलरचा शेतमाल विकणारी, किंवा विकू शकणारी, कोणतीही जागा 'शेत' ठरते. 2022 च्या कृषी गणनेत अशी सुमारे 19 लाख शेते निघाली, त्यांचे सरासरी क्षेत्र 463 एकर आणि शेतकऱ्याचे सरासरी वय 58 वर्षे. ही सरासरी हजारो एकरांच्या मक्याने आणि सोयाबीनने फुगलेली आहे. लहान शेतांतली बहुतांश कुटुंबे बाहेरच्या नोकरीवर जगतात. मग बादल्या, वाफ आणि गावजेवण हा पर्यटकांसाठी मांडलेला देखावा नाही कशावरून? आणि नळ्या व ऑस्मोसिस आल्यावर त्याला 'परंपरा' का म्हणावे?

---

डोंगरउतार · 11 मार्च

तिरकस, आपला प्रश्न रास्त आहे, म्हणून हिशेबच मांडते. आजोबांची परवानगी घेतली आहे. त्यांचे म्हणणे, 'तुझ्या देशातल्या लोकांनाही कळू दे.'

सहाशे तोट्यांतून बऱ्या वर्षी दोनशे गॅलनच्या आसपास सिरप निघते. त्यातला निम्मा माल फाटकावरच्या लाकडी कपाटातून आणि गावच्या बाजारातून किरकोळीने जातो. तिथे गॅलनला पन्नास-साठ डॉलर मिळतात. उरलेला पिंपात भरून ठोक व्यापाऱ्याला. तो पौंडाला दोन-अडीच डॉलर देतो आणि गॅलनभर सिरपचे वजन अकरा पौंड असते, म्हणजे तोच गॅलन निम्म्या किमतीत. नळ्या, तोट्या, बाटल्या, वीज आणि जमिनीवरचा कर वजा केला तर पाच-सहा आठवड्यांच्या जागरणाचे जे उरते त्यावर कोणाचेही घर चालणार नाही. आजी अठरा वर्षे शाळेची बस चालवत आहेत, पगारासाठी नव्हे तर त्या नोकरीबरोबर मिळणाऱ्या आरोग्यविम्यासाठी. इथल्या शेतघरात नवरा-बायकोपैकी एकाने अशी नोकरी धरणे हा अलिखित नियमच आहे.

पूर्वी या घराचा कणा गाई होत्या. 1940 च्या दशकात व्हरमाँटमध्ये अकरा हजारांवर दूध-शेते होती, आज ती हजाराच्याही बरीच खाली आली आहेत. आजोबांनी आपल्या चाळीस गाई ज्या वर्षी विकल्या त्या वर्षाचा उल्लेख ते कधी आकड्याने करत नाहीत, 'गोठा रिकामा झाला तेव्हा' असे म्हणतात. मेपल हे मुळात गोठ्याचे जोडकाम होते. मार्चमध्ये जमीन गोठलेली असते, नांगरणी दूर असते, घरात रोकड संपलेली असते आणि बैल व माणसे दोन्ही रिकामी असतात. त्या पोकळीत बसणारे हे पीक आहे. म्हणून ते टिकले आणि म्हणूनच गाई गेल्यावर त्याच्यावर नको इतका भार आला.

देखाव्याविषयी म्हणाल तर तो आहेच. मार्चच्या अखेरीस राज्यभर शुगरहाउसे लोकांसाठी उघडी ठेवतात. न्यूयॉर्क-बॉस्टनहून गाड्या येतात आणि शंभर बादल्या आजोबांनी राखल्या आहेत त्या थोड्याफार या पाहुण्यांसाठीच, हे ते स्वतः कबूल करतात. पण जानेवारीतल्या गारठ्यात कमरेइतक्या बर्फातून चालत, खारींनी कुरतडलेल्या नळ्या एकेक करून बदलताना पाहायला कोणीही येत नाही. आम्ही ते काम यंदा चार शनिवार केले. आलेल्या सातजणांपैकी एकानेही मजुरी घेतली नाही. ऑक्टोबरमध्ये आजोबांचा ट्रॅक्टर त्यांच्या शेतांवर जातो. मी 'परंपरा' म्हणाले असेन तर या देवघेवीला. बादल्यांवर माझा तेवढा जीव नाही. जुन्या बादल्यांच्या सांध्यांत शिसे असे, त्यामुळे त्या बऱ्याच ठिकाणी बाद कराव्या लागल्या आणि ते योग्यच झाले.

---

मॅडिसनकर · 11 मार्च

विस्कॉन्सिनमधून एक सावधगिरीची सूचना. आमच्या परसात दोन मेपल आहेत. तीन वर्षांपूर्वी आंतरजालावर वाचून मी तीन तोट्या बसवल्या आणि आठवड्याभरात जमलेला बारा गॅलन रस स्वयंपाकघरातल्या गॅसवर आटवायला घेतला. चाळीसास एक हे प्रमाण मी वाचले होते, पण उरलेले एकोणचाळीस भाग जातात कोठे याचा विचार केला नव्हता. ते छताला जातात. संध्याकाळपर्यंत भिंतींवरून गोडसर पाण्याचे ओघळ येऊ लागले, कपाटांची दारे फुगली, धुराचा भोंगा दोनदा वाजला आणि पत्नीने आईला भारतात फोन लावून 'यांनी घराचे गुऱ्हाळ केले' अशी तक्रार केली. हाती लागले ते एक लहान बाटलीभर. आता अंगणात विटांची चूल मांडतो.

केवळ साखरमेपलच लागतो असे नाही, लाल मेपलचाही रस चालतो. मात्र त्याला पालवी लवकर फुटते आणि कळ्या फुगल्या की सिरपला एक विचित्र चव येते, त्यामुळे हंगाम आखूड मिळतो.

---

वाचनमग्न · 12 मार्च

एक शंका. पुण्यातल्या मोठ्या दुकानांत 'पॅनकेक सिरप' नावाने जे मिळते ते हेच का? आणि रंगांचा काय प्रकार आहे? एका बाटलीवर सोनेरी तर दुसरीवर गडद असे लिहिलेले पाहिले. फिकट म्हणजे अधिक शुद्ध का?

---

डोंगरउतार · 12 मार्च

'पॅनकेक सिरप' म्हणजे बहुधा मक्याची साखर, रंग आणि वास. मेपल असेल तर बाटलीवर मेपल सिरप असे स्पष्ट लिहिलेले असते आणि घटकांच्या यादीत तो एकच शब्द असतो.

रंगाचा शुद्धतेशी काहीही संबंध नाही. हंगामाच्या सुरुवातीचा रस थंड हवेत येतो, त्याचे सिरप फिकट आणि चवीला हलके होते. हवा तापत जाते तसे रसातील सूक्ष्मजंतू साखरेची मोड करतात आणि तोच रस आटवल्यावर गडद व उग्र होतो. म्हणजे रंग हे हंगामाचे पंचांग आहे. शुगरहाउसच्या खिडकीत रोजच्या उतारातली एक चिमुकली बाटली ओळीने ठेवतात. मार्चच्या आरंभी गव्हाच्या काडीसारखा असलेला रंग एप्रिलमध्ये कोऱ्या कॉफीपर्यंत पोहोचतो.

फिकटाला मान मिळाला त्यामागे इतिहास आहे. हे मूळ ज्ञान येथील आबेनाकी आणि इतर आदिवासी लोकांचे. गोऱ्या वसाहतकारांनी ते त्यांच्याकडून घेतले. एकोणिसाव्या शतकात सिरपपेक्षा आटवून घट्ट केलेली साखर अधिक होत असे, चक्क ढेपा पाडत. तिची स्पर्धा उसाच्या पांढऱ्या साखरेशी होती, त्यामुळे जितकी फिकट आणि कमी चवीची तितकी ती भारी ठरे. त्याआधी 1790 च्या दशकात तर तिला नैतिक मोलही होते. कॅरिबियन बेटांवरील उसाची साखर गुलामांच्या श्रमावर होत असल्यामुळे फिलाडेल्फियाचे डॉक्टर बेंजामिन रश यांनी मेपलच्या साखरेचा पुरस्कार केला. थॉमस जेफरसन यांनी 1791 मध्ये माँटिसेलो या आपल्या मळ्याच्या आवारात मेपलची रोपे लावली. ती फारशी जगली नाहीत, आणि त्याच आवारात स्वतः जेफरसन यांचे गुलाम राबत होते हेही येथे सांगितले पाहिजे.

उसाची साखर स्वस्त झाल्यावर मेपलचे लोक सिरपकडे वळले, पण फिकट म्हणजे उत्तम ही समजूत टिकली. सर्वांत फिकटाला 'फॅन्सी' म्हणत आणि गडदाला 'बी' दर्जा. व्हरमाँटने 2014 मध्ये आणि केंद्राने 2015 मध्ये ही वर्गवारी बदलली. आता किरकोळीने विकायचे सगळे सिरप 'ए' दर्जाचेच, फक्त पुढे सोनेरी, अंबर, गडद, अतिगडद अशी चवीची ओळख. आजोबांच्या घरी मात्र पूर्वीही 'फॅन्सी' पाहुण्यांना देत आणि गडद स्वतःसाठी ठेवत.

---

पंचगंगाकाठ · 13 मार्च

रंगाची ही गोष्ट वाचून वाईट वाटले, कारण तीच आमच्या गुळाची आहे. कोल्हापूरच्या बाजारात पिवळाधमक गूळ दिसला की बोली चढते. तो रंग आणण्यासाठी अनेक गुऱ्हाळांत हायड्रॉस ही रंग उजळवणारी रासायनिक पावडर वापरतात. नुसत्या भेंडीवर केलेला गूळ तांबूस-काळपट होतो, आणि वडिलांचा असा गूळ सौद्यात मागे पडत असे. शेजारच्या गुऱ्हाळाला क्विंटलमागे जास्त दर मिळताना ते पाहत, पण त्यांनी पावडर आणली नाही. आमचे गुऱ्हाळ बंद होण्यात मजुरांची टंचाई आणि साखर कारखान्यात उसाला मिळणारा दर ही मोठी कारणे होती, पण रंगाचाही वाटा होता. आज शहरात 'सेंद्रिय' चिठ्ठी लावून तोच काळपट गूळ दुप्पट दराने विकला जातो. वडील ते वर्तमानपत्रात वाचतात आणि पान उलटतात.

---

कुळागर · 13 मार्च

गोव्यातून एक भर. आमच्याकडे रेंदेर, म्हणजे माडाचा रस काढणारा, सकाळ-संध्याकाळ माडावर चढून पोयीला, म्हणजे फुलोऱ्याला, मडके लावतो, तो रस ताजा असतानाच आटवला तर माडाचा काळा गूळ होतो, नाहीतर दुपारपर्यंत त्याची सूर, म्हणजे माडी, होते. झाडाचा रस, त्याच दिवशी आटवण्याची घाई आणि काळा रंग हे सगळे ओळखीचे वाटले. माडावर चढणारी पुढची पिढी मात्र आमच्या वाड्यावर उरलेली नाही. तुमच्या आजोबांच्या मागे कोण आहे?

---

डोंगरउतार · 14 मार्च

कुळागर, थोरली नात. ती बर्लिंग्टनला परिचारिका आहे आणि मार्चमधली सगळी रजा येथे काढते. तिने आल्या आल्या सर्व नळ्यांना निर्वात पंप लावायचा हट्ट धरला आहे. त्याने एका तोटीमागचा उतारा जवळजवळ दुप्पट होतो. आजोबांना पंपाचा आवाज नको आहे. 'रानात थेंबांचा आवाज ऐकू आला पाहिजे,' असे ते म्हणतात. 'मग तो आवाज बाटलीत भरून विका,' असे ती म्हणते. हा वाद गेले दोन हंगाम जेवणाच्या टेबलावर चालू आहे आणि माझी सहानुभूती आजोबांकडे असली तरी मत नातीकडे आहे.

तिचा आग्रह हवेमुळे आहे. मार्च 2012 मध्ये येथे आठवडाभर उन्हाळ्यासारखी उष्णता पडली, कळ्या फुगल्या आणि हंगाम मध्येच मोडला. त्या वर्षी राज्याचे उत्पादन आधीच्या वर्षाच्या तुलनेत कितीतरी घसरले. उलट 2022 मध्ये एकट्या व्हरमाँटने सुमारे 25 लाख गॅलन सिरप केले, देशाच्या जवळजवळ निम्मे. वर्षावर्षांत इतका फरक पडणार असेल तर मिळेल त्या दिवशी मिळेल तितका रस घेता आला पाहिजे, हे तिचे गणित.

काल बर्फावरचे सिरप झाले. गावच्या अग्निशमन केंद्रात दरवर्षी हे जेवण असते. ताटलीत ताजे बर्फ दाबून भरतात, सिरप नेहमीपेक्षा जास्त आटवून त्यावर धार सोडतात आणि त्याचा चिवट चिकीसारखा दोर काट्याने गुंडाळून खातात. सोबत साधा डोनट आणि, विश्वास ठेवा, खारवलेली आंबट काकडी. गोडाने तोंड मिटले की काकडीचा एक चावा, मग पुन्हा गोड. मी यंदा घरून लिंबाचे मुरलेले लोणचे नेले होते. काकडीची बरणी निम्मी शिल्लक राहिली.

---

तिरकस · 15 मार्च

हिशेब दिल्याबद्दल आभार. देखाव्याचा आरोप निम्मा मागे घेतो. शाळेची बस आणि आरोग्यविमा यांविषयीचे वाक्य मला अधिक काळ लक्षात राहील. आमच्या सांगोल्याच्या आत्याबाई अंगणवाडीत होत्या, तेव्हाच काकांची डाळिंबाची बाग दोन दुष्काळ तगली.

---

डोंगरउतार · 13 एप्रिल

हंगाम संपला. गेल्या बुधवारी तळ्याकाठी बेडूक ओरडू लागले आणि त्या दिवशीच्या उताऱ्याला येथे 'बेडकांचा रस' म्हणतात. तो शेवटचा. त्याचे सिरप इतके गडद निघाले की बाटलीआडून दिवा दिसेना. शनिवारी सगळ्या तोट्या उपटल्या, नळ्या धुतल्या, बादल्या उपड्या टांगल्या. एकूण एकशे ऐंशी गॅलन झाले. शेवटच्या आधणात आजींनी कोंबडीची अंडी सोडून उकडली, ती मिठाबरोबर खाऊनच चूल विझवायची अशी या घरची रीत आहे.

पंचगंगाकाठ, माझा भाऊ पुढच्या आठवड्यात कोल्हापूरला जाणार आहे. त्याच्याबरोबर गडद सिरपची एक बाटली आपल्या वडिलांसाठी देत आहे. पत्ता व्यक्तिगत निरोपातून कळवावा.

---

पंचगंगाकाठ · 4 मे

बाटली पोहोचली, मनापासून आभार. अहवाल देणे कर्तव्य आहे.

वडील आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांनी आधी बाटली उन्हाकडे धरली आणि 'पावडर नाही' एवढेच म्हणाले. मग बशीत थोडे ओतून, चिमटीत धरून तार पाहिली. बोटे दोनदा उघडली, दोनदा मिटली. चाखल्यावर बराच वेळ बोलले नाहीत. मी विचारले, कशी आहे? म्हणाले, 'जिन्नस चांगला आहे. माणूस जपून आटवणारा आहे. पण काकवी कच्ची उतरवली, अजून दोन उकळ्या हव्या होत्या.' मी त्यांना चार अंशांचा हिशेब समजावला आणि येथली काकवी त्याहून दोन-एक अंश वर उतरवतात हेही सांगितले. ते त्यांना पटलेले नाही. आपल्या आजोबांना तसे कळवावे असे त्यांनी बजावले आहे.

बशीतले उरलेले त्यांनी भाकरीबरोबर संपवले.